वाचक विचारतात : लेकीची पहिली ब्रा

प्रश्न : मुलगी साडेनऊ वर्षांची आहे. डाव्या स्तनाग्राखाली बटणाएवढी घट्ट गाठ हाताला लागते, धक्का लागला की दुखते म्हणते. उजवीकडे काहीच नाही. ही गाठ कसली आणि ब्रा आत्ताच आणायची का?

उत्तर : ही स्तनांच्या वाढीची सुरुवात आहे. बहुतेक मुलींमध्ये ती ८ ते १३ या वयात होते, आणि पुष्कळदा एकाच बाजूने होते. दुसरी बाजू काही महिन्यांनी मागून येते. स्तनाग्राखालची ती चकतीच पुढे वाढणार आहे, म्हणून ती चोळू नका, रोज दाबून तपासू नका, ‘जिरावी’ म्हणून लेप लावू नका. पाळी साधारणपणे यानंतर दोन-अडीच वर्षांनी येते, म्हणून त्याबद्दल बोलायलाही हीच वेळ चांगली. आठ वर्षं पूर्ण होण्याआधीच वाढ दिसली, तेरा पूर्ण होऊनही काहीच नसलं, किंवा त्या जागी लाली, ताप, स्तनाग्रातून रक्त वा पू असं काही आढळलं, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

ब्रा वयावरून ठरत नाही, अडचणीवरून ठरते. कपडा घासून दुखतं का? उड्या मारताना हात आपोआप छातीशी जातो का? पातळ कपड्यात ती पोक काढून वावरते का? यातलं एक जरी होत असेल, किंवा तिने स्वतःहून मागितली असेल, तर आणा. तुमच्या मुलीला सध्या पुढच्या बाजूला दुहेरी कापड असलेली मऊ सुती स्लिप पुरेल. पुढे डोक्यातून घालायची बिनहुकाची ब्रा, आणि दोन्ही बाजूंना स्पष्ट आकार आला की कप असलेली. ब्रा लवकर घातली तर वाढ खुंटते आणि उशिरा घातली तर स्तन ओघळतात, या दोन्ही समजुतींना आधार नाही. त्यामुळे घाई करायला नको आणि ‘अजून लहान आहेस’ म्हणून तिची मागणी टाळायलाही नको.

प्रश्न : मापाच्या टेपने छातीखाली २६ आणि छातीवर ३१ इंच अशी मापं आली. एका तक्त्यात साइज ३० ए निघतो, दुसऱ्यात २६ पट्टा आणि भलतंच पुढचं अक्षर. आमचं माप चुकलं का?

उत्तर : माप बरोबर असावं, तक्त्यांचे हिशेब दोन आहेत. साइजमधला आकडा पट्ट्याचा, म्हणजे छातीखालून अंगाभोवती फिरणाऱ्या भागाचा, आणि अक्षर कपचं. जुन्या पद्धतीत पट्ट्याचा आकडा काढायला छातीखालच्या घेरात, तो सम असेल तर ४, विषम असेल तर ५ मिळवतात : २६ चे ३० होतात, २७ चे ३२. दुसऱ्या पद्धतीत काहीच मिळवत नाहीत, फार तर पुढच्या सम आकड्यावर नेतात. कप मात्र दोन्हीकडे सारखाच काढतात : छातीच्या घेरातून पट्ट्याचा आकडा वजा करायचा. फरक एक इंच आला तर ए, दोन इंच तर बी, तीन तर सी. एक इंचाहून कमी असेल तर एए. म्हणून ३१ वजा ३० म्हणजे ए, आणि ३१ वजा २६ म्हणजे पाच इंच, म्हणून अक्षर पुढे पळालं. मुलगी तीच, माप तेच.

यावर खात्रीचा उपाय एकच. पाकिटावर किंवा लेबलवर ‘छातीखालचा घेर इतके ते इतके सेंटीमीटर’ असं छापलेलं असेल तर तेच वाचा. २६ इंच म्हणजे ६६ सेंटीमीटर. ज्या साइजमध्ये ६६ बसतं तो तुमचा पट्टा. वजाबाकी शून्याच्या खाली गेली तर कपची ब्रा अजून लागतच नाही, बिनहुकाचीच घ्या.

माप घेतानाची काळजी लिहितो, कारण इथे अर्धा इंच चुकला तरी साइज बदलतो. अंगात पातळ बनियन असू द्या, जाड कपडा नको. खालचा घेर स्तनांच्या लगेच खाली, श्वास सोडल्यावर घ्या. टेप अंगाला चिकटून पण न रुतता. वरचा घेर सर्वांत भरलेल्या जागेवर, टेप सैल, हात खाली सोडलेले. दोन्ही वेळा टेप पाठीवर जमिनीला समांतर आहे ना, हे आरशात पाहा. पाठीवर टेप घसरली की माप मोठं येतं, आणि बहुतेक चुका इथेच होतात. टेप शक्यतो मुलीने स्वतः धरावी, तुम्ही फक्त पाठीमागून सरळ करा. स्तन दुखरे असतील तर त्या दिवशी माप घेऊ नका.

आणखी एक गोष्ट तिला समजावून सांगा. कपचं अक्षर एकटं काही सांगत नाही. ते पट्ट्याच्या आकड्यासोबतच वाचायचं असतं. ३० बी आणि ३२ ए यांच्या कपात जागा जवळपास सारखीच असते. ‘मी ए, ती बी’ ही तुलना मुलींना फार लागते, आणि ती मुळातच चुकीची आहे.

प्रश्न : मी एकटा बाप आहे. मुलगी बारा वर्षांची. तिला गरज आहे हे दिसतं, पण ती विषय काढत नाही आणि मलाही संकोच वाटतो. दुकानात माझ्यासोबत येईल का, तेही माहीत नाही.

उत्तर : विषय तुम्हीच काढा, भावंडं-पाहुणे नसताना, आणि दोन वाक्यांत : ‘तुझ्या वयात ब्रा लागायला लागते. दुकानात जायचं की घरी मागवायची, आणि सोबत मी येऊ की मावशी-आत्यापैकी कोणी, ते तू सांग.’ लगेच उत्तर मागू नका. तिच्या शरीराबद्दल काही बोलू नका, ‘मोठी झालीस’ असंही नाही. फक्त वस्तूबद्दल बोला. माप ती दार लावून स्वतः घेऊ शकते. टेप नसेल तर न ताणणारा दोरा घेरावर गुंडाळून पट्टीवर मोजला तरी चालतं. मापं कागदावर लिहून दिली की तुमचं काम सोपं होतं.

दुकानात जमेल तितकं मागे थांबा. विक्रेतीने माप घ्यायचं असेल तर ते कपड्यांवरून आणि मुलीला विचारून. ‘नको’ म्हणाली तर नको. ट्रायल रूममध्ये कुणी सोबत यायचं का, हे तिनेच ठरवावं. पहिल्या खेपेला एकाच साइजचे दोन-तीन प्रकार आणि त्याच प्रकारात एक साइज मोठी, एवढंच आत न्या. घरी मागवत असाल तर परत घेण्याची अट आधी वाचा. आतले कपडे अनेक ठिकाणी परत घेत नाहीत.

प्रश्न : आणलेल्या ब्राचे स्ट्रॅप सारखे खाली येतात. घट्ट केले तर खांदे दुखतात म्हणून ती शाळेतून आल्या आल्या काढून टाकते. काय चुकलं?

उत्तर : दोष बहुधा स्ट्रॅपचा नाही, पट्ट्याचा आहे. आधाराचं मोठं काम छातीभोवतीचा पट्टा करतो. तो सैल असला की मागून वर चढतो, पुढून खाली उतरतो, आणि सगळा भार स्ट्रॅपवर येतो. मग स्ट्रॅप आवळावे लागतात आणि खांद्याला रग लागते. ‘वाढत्या अंगाची आहे’ म्हणून पट्टा मोठा घेतला की हेच होतं. फ्रॉक मोठा घेतलेला चालतो, ब्रा नाही.

तिला घालून पाहायला सांगा. पट्टा पुढे-मागे एका रेषेत हवा, मागे दोन बोटं सरकतील इतकीच जागा. स्ट्रॅपखाली एक बोट. कपात सुरकुत्या पडत असतील तर कप मोठा, वरून किंवा काखेकडून अंग बाहेर येत असेल तर कप लहान. मग दोन्ही हात वर, पुढे वाकणं, खोल श्वास, खाली बसून उठणं. पट्टा जागचा हलला तर पट्टा एक साइज लहान घ्या (३२ ऐवजी ३०) आणि कप एक अक्षर पुढचा. पट्टा काढल्यावर हलकी रेघ दिसून थोड्या वेळात गेली तर काळजी नाही; लाल, खोल, दुखणारी खूण म्हणजे घट्ट.

मोठ्या बायकांनी नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर बसेल अशी घ्यावी, कारण इलॅस्टिक पुढे सैलावतं. वाढत्या मुलीसाठी आम्ही मधला हुक सुचवतो : एक हुक इलॅस्टिक सैलावेल म्हणून, एक हुक छाती रुंदावेल म्हणून. दर तीन महिन्यांनी पुन्हा माप घ्या, आणि म्हणून एका वेळी तीन-चारच घ्या.

तारेची ब्रा सध्या टाळा. तार घातक नाही. पण आकार बदलत असताना ती स्तनाच्या कडेला न बसता अंगावरच टेकते आणि टोचते. पातळ अस्तर असलं तर चांगलंच, स्तनाग्र कपड्यातून उठून दिसत नाही. उभार देणारे जाड पॅड मात्र नकोत. कापड सुती आणि त्यात थोडं स्पॅन्डेक्स (ताणणारा धागा), आतली शिवण सपाट. लेबल टोचत असेल तर शिवणीलगत कापून टाका. पुष्कळ मुली ‘ब्रा टोचते’ म्हणतात तेव्हा टोचत असतं ते लेबल. पांढऱ्या कपड्याखाली पांढरी नव्हे, त्वचेच्या रंगाची कमी दिसते.

प्रश्न : एक स्तन दुसऱ्यापेक्षा बराच मोठा आहे. मुलगी खेळाडू आहे, पळताना अवघडते.

उत्तर : थोडाफार फरक बहुतेकींत असतो आणि वाढीच्या वर्षांत तो जास्त जाणवतो. साइज मोठ्या बाजूच्या मापाने घ्या. लहान बाजूला काढता-घालता येणारं पातळ पॅड ठेवा, दुसऱ्या बाजूचं काढून टाका. पळण्यासाठी वेगळी स्पोर्ट्‌स ब्रा हवी. ती रोजच्यापेक्षा घट्ट असते, पण पूर्ण श्वास घेता आला पाहिजे. जागच्या जागी वीस उड्या मारून बघितलं की कळतं. खेळ संपला की ती बदलायची. घामाने ओली ब्रा अंगावर वाळली तर स्तनांखाली बुरशीचं पुरळ येऊ शकतं.

प्रश्न : रात्री घालावी का? आणि धुवायची कशी?

उत्तर : रात्री गरज नाही, दुखऱ्या दिवसांत तिला बरं वाटत असेल तर सैल, बिनहुकाची घालू द्या. एक-दोन वेळा घातली की धुवा. हूक लावून, साध्या किंवा कोमट पाण्यात, हाताने. मशीनमध्ये टाकायची तर जाळीच्या पिशवीत. साबण पूर्ण निघू द्या, राहिला तर पट्ट्याखाली खाज सुटते. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. वाळत घालताना स्ट्रॅपने टांगू नका, ओल्या वजनाने इलॅस्टिक ताणतं. दोरीवर मधोमध दुमडून टाका. आणि ती इतर कपड्यांसारखीच मोकळ्या हवेत वाळू द्या. टॉवेलखाली लपवलेली ब्रा दमट राहते, आणि ती लपवायची वस्तू आहे असं मुलगी त्यातूनच शिकते.