सूर्यफुलाने शेतातले शिसे निघते का?

प्रश्न: आमच्या शेतात काही वर्षे कारखान्याचे सांडपाणी शिरत होते. माती तपासली तर शिसे आणि कॅडमियम जास्त निघाले. सूर्यफूल किंवा मोहरी घेतली की दोन-तीन वर्षांत जमीन शुद्ध होते असे ऐकले. घ्यावी का?

उत्तर: सांडपाणी अजून येत असेल तर आधी ते बंद करा, नाहीतर पुढचे सगळे व्यर्थ. मग हिशोब मांडू. एका हेक्टरातल्या वरच्या 15 सेंटीमीटर थराची माती साधारण 22 लाख किलो भरते. अहवालात शिसे किलोमागे 500 मिलिग्रॅम असेल, तर त्या थरात 1,100 किलो शिसे आहे. मोहरीचे वाळलेले पीक हेक्टरी 10 टन धरा (हे मी सढळ हाताने धरतो आहे) आणि त्यात किलोमागे 200 मिलिग्रॅम शिसे उतरले असे माना. वर्षाकाठी बाहेर पडले 2 किलो! शिसे मातीच्या कणांना चिकटून बसते आणि मुळांनी ओढले तरी बहुतेक मुळांतच अडकते. ईडीटीए (धातूला पकडून पाण्यात विरघळवणारे रसायन) टाकून ते मोकळे करता येते खरे, पण मोकळे झालेले शिसे पावसाबरोबर विहिरीच्या पाण्यातही उतरू शकते. तो उपाय शेतावर करूच नका.

कॅडमियमचे गणित वेगळे. ते किलोमागे 3 मिलिग्रॅमवरून 1 वर आणायचे तर हेक्टरी सुमारे 4.4 किलो काढावे लागेल. विलोसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या झाडाने दरवर्षी 10 टन वाळलेला माल दिला आणि त्यात किलोमागे 20 मिलिग्रॅम कॅडमियम आले, तर 200 ग्रॅम निघेल. म्हणजे 22 वर्षे. लांबचा पल्ला आहे, पण निदान आवाक्यातला.

सूर्यफुलाची ख्याती आली ती चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातामुळे. 1990 च्या दशकात तिथल्या तळ्यात तराफ्यांवर सूर्यफूल लावून पाण्यातले किरणोत्सारी सिझियम आणि स्ट्रॉन्शियम शोषून घेण्याचा प्रयोग झाला. पण पाण्यात विरघळलेला धातू मुळांना आयता मिळतो, मातीत तसे होत नाही. फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर 2011 मध्ये जपानने शेतात सूर्यफूल लावून पाहिले, तेव्हा फारसे सिझियम हाती लागले नाही.

खरोखर धातू साठवणाऱ्या वनस्पतीही आहेत. टेरिस विटाटा हा नेचा आर्सेनिक इतके ओढतो, की 2001 मध्ये ते प्रसिद्ध झाले तेव्हा जाणकारही चकित झाले. पण तो शिशावर चालत नाही. एका धातूची वनस्पती दुसऱ्याला उपयोगी पडेलच असे नाही.

तेव्हा शिसे काढण्यापेक्षा आहे तिथे जखडा. चांगले कुजलेले शेणखत आणि स्फुरदयुक्त खत दिले की ते कमी विरघळणाऱ्या रूपात जाते. मातीचा सामू (पीएच) 6.5 च्या खाली असेल तर चुना द्या, कॅडमियमही आवरेल. मात्र आर्सेनिक असेल तर चुना आणि स्फुरद दोन्ही विचारल्याशिवाय नको, त्यांनी ते उलट सुटू शकते. जमीन उघडी ठेवू नका, कारण शिसे माणसापर्यंत पोहोचते ते मुख्यतः धुळीतून. बांधावर वाळा लावा: मुळे खोल जातात, माती धरून ठेवतात आणि धातू बराचसा मुळांतच राहतो. पालेभाज्या व कंदमुळे तूर्त बंद, त्याऐवजी फुलपिके किंवा धाग्याची पिके घ्या.

प्रश्न: धातू शोषलेला पाला जनावरांना घातला तर? की खत करावे?

उत्तर: दोन्ही नको. धातू कुजत नाही, जळतही नाही. चाऱ्यातून तो जनावरात जाईल, खतातून परत शेतात, आणि चुलीत घातला तर राखेत आणि धुरात. कापलेला माल वेगळा वाळवा आणि घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्या. तशी सोय आधी पक्की झाली नसेल तर शोषणारे पीक पेरूच नका. पुढच्या वेळी नमुना घेताना गंजकी खुरपी किंवा जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरू नका, प्लॅस्टिकची चालेल. आणि परीक्षणाला देताना एकूण धातूबरोबर पिकाला उपलब्ध धातूही तपासायला सांगा.