सासऱ्यांची ट्रंक उघडली, आता ठेवायचं काय आणि टाकायचं काय?

प्रश्न: नमस्कार, आम्ही शुक्रवार पेठेत राहतो. सासरे वारले, आता जुनं घर पाडून नवीन बांधायचंय म्हणून त्यांची कॉटखालची ट्रंक उघडली तर आत लाईट बिलं, घरफाळ्याच्या पावत्या, सातबारे, ऊसबिलं, कसलेतरी शेअर आणि तळाला मोडी लिपीतले कागद, ते २०१९ च्या महापुरात भिजून एकमेकांना चिकटलेत. दीर म्हणतात सगळं रद्दीत घाला, मिस्टर एक चिठोरं टाकू देईनात. काय करू?
- एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: ताई, दिरांना म्हणावं महिनाभर दम धरा. कागद किती जुना ते बघत बसू नका, गेला तर परत मिळेल का एवढंच बघा. लाईट बिलं जाऊ देत, अलीकडचे सातबाऱ्याचे प्रिंटपण जाऊ देत, डिजिटल सहीचा नवा कधीही ऑनलाइन निघतो. पण हातानं लिहिलेला जुना सातबारा, फेरफार, मूळ खरेदीखत, आणि घरातल्या घरात साध्या कागदावर केलेलं वाटणीपत्र असलं तरी तेसुद्धा, ह्यातलं काही म्हणजे काही टाकू नका, वाटणीपत्राची दुसरी प्रत कुठल्याच ऑफिसात नसते. घर पाडताय तर जुना मंजूर नकाशा आणि घरफाळ्याच्या पावत्या बांधकाम होईपर्यंत हाताशी ठेवा.

सगळ्यात जास्त जपा ते शाळा सोडल्याचे दाखले आणि जन्म-मृत्यूचे उतारे, सासऱ्यांचेच नाहीत तर त्यांच्या वडिलांचे, चुलत्यांचे, आत्याचेसुद्धा. जात पडताळणीला ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा बघतात, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, आणि वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला दाखला त्यात कामाला येतो. नातवंडांच्या ॲडमिशनच्या वेळी घरातली माणसं ह्याच एका कागदासाठी रडकुंडीला येतात, मी बघितलंय.

मोडीचे कागद वाचता येत नाहीत म्हणून टाकणं हे तर मला बघवत नाही. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, त्याच्या आधीचा कागद असेल तर त्यात जमिनीची, जातीची, पूर्वजांच्या नावाची नोंद असू शकते. चिकटलेले कागद ओढून सोडवायचे नाहीत, पाणी मारायचं नाही, उन्हात तर अजिबात टाकायचे नाहीत. गठ्ठा आहे तसा सुती कापडात गुंडाळा आणि कोल्हापूरच्या पुरालेखागारात, म्हणजे जुनी सरकारी कागदपत्रं जपणाऱ्या ऑफिसात, जाऊन विचारा, मोडी वाचणारी माणसं आपल्याकडं आहेत. सुट्या कागदांच्या गंजक्या टाचण्या काढा, मोबाईलवर फोटो घ्या, सोबत वेखंडाची पुरचुंडी ठेवा. आणि लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, एकदा चिकटलं की कागद फाटल्याशिवाय निघत नाही.

ऊसबिलं जुनी झाली, जाऊ देत, पण कारखान्याचा सभासद शेअर बाजूला काढा, तो वारसाच्या नावावर करून घेता येतो. कंपन्यांचे कागदी शेअरपण रद्दी नव्हेत. सलग सात वर्षं डिव्हिडंड उचलला नसेल तर ते सरकारच्या आयईपीएफ, म्हणजे गुंतवणूकदारांसाठीच्या फंडात जातात, तरी वारसांना अर्ज करून परत मागता येतात. जुनं पासबुक सापडलं तर तेही बघा, दहा वर्षं हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या फंडाकडं जाते पण हक्क बुडत नाही, आधी त्या बँकेतच वारसाचे कागद घेऊन जा.

इन्कम टॅक्सचे कागद मी आठ वर्षं ठेवायला सांगते, नव्या बांधकामाची बिलं मात्र घर आहे तोवर, उद्या विकायची वेळ आली तर खर्च दाखवायला लागतो.

एवढं झालं की उरलेलं खुशाल रद्दीत द्या. फक्त आधार-पॅनच्या झेरॉक्स, जुनी चेकबुकं आणि सही केलेले कोरे स्टॅम्प पेपर असतील तर ते आधी बारीक फाडा, आणि हे काम मिस्टर आणि दीर दोघांना शेजारी बसवूनच करा.