सहीच्या आधी निकाहनामा वाच

प्रिय मुली,

निकाहाच्या दिवशी तलाकचा शब्द काढणं अपशकुनी, असं अम्मी म्हणाल्या ना? त्यांच्यावर रागावू नकोस. माझ्या आईलाही हीच भीती होती.

मी एकवीस वर्षांची होते. खोलीत बायकांची गर्दी, कपाळावर ओढलेला दुपट्टा, दारात वकील, म्हणजे माझ्या वतीनं संमती सांगणारा, आणि दोन गवाह. मेहेर, म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम, 786 रुपये, एवढं कानावर पडलं. रजिस्टर पुढे आलं, कुणीतरी बोटानं जागा दाखवली, मी सही केली. मेहेर रोख की उधार, ते वाचलंच नाही. तो मला कधी मिळाला नाही.

निकाह हा करार आहे, त्यात अटी घालता येतात. हे आजचं खूळ नव्हे. ट्युनिशियातल्या कैरुआनमध्ये शेकडो वर्षांपूर्वी अट लिहून घेत: दुसरी बायको केलीस, तर पहिलीला सुटायचा हक्क. इस्लामी कायद्याची हंबली परंपरा अशी अट बंधनकारक मानते. हनफी या दुसऱ्या परंपरेत तलाक-ए-तफवीज आहे, म्हणजे नवरा तलाकचा आपला अधिकार बायकोकडे सोपवतो. पाकिस्तानच्या निकाहनाम्यात त्यासाठी 18 क्रमांकाचा रकानाच आहे, आणि कित्येकदा वधूला न विचारता त्यावर आडवी रेघ मारली जाते. ती रेघ मला फार टोचते.

तू लिहितेस, तीन तलाक तर गेला, आता भीती कसली? समाजसुधारक हमीद दलवाईंबरोबर सात बायका त्याविरुद्ध 1966 साली मुंबईत मोर्चा घेऊन गेल्या, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला 2017 मध्ये. पण त्यानं नवऱ्याचा एका दमातला तलाक थांबला. तुला सुटायचं असेल तर? खुल्याला, म्हणजे बायकोनं मागितलेल्या तलाकला, पारंपरिक मतानुसार नवऱ्याची संमती लागते, 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यानं गेलीस तर कोर्टात कारणं सिद्ध करावी लागतात. म्हणून तफवीज लिहून घे. छापील फॉर्ममध्ये जागा नसेल तर वेगळा करार कर.

मेहेरचंही बघ. मुअज्जल म्हणजे लगेच द्यायचा, मुवज्जल म्हणजे नंतर. उच्चार इतके जवळचे की ऐकताना चूक होते. शेजारी साध्या मराठीत लिहून घे: किती, कधी.

फॉर्म आठवडाभर आधी मागव. रविवारी मी घरीच आहे, मसुदा घेऊन ये. मुलालाही आण, त्याच्यासमोरच वाचू.

तुझी,
आपा