अमेरिकेत एम.आर्क.ला जायचंय, तर इंटर्नशिप मुंबईत करू की रत्नागिरीत?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बी.आर्क.चं, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीचं, चौथं वर्ष संपतंय, पुढे अमेरिकेत एम.आर्क., म्हणजे पदव्युत्तर पदवी, करून तिथेच आर्किटेक्टचा परवाना काढायचाय. मग मुंबईतल्या नावाजलेल्या ऑफिसात बिनपगारी इंटर्नशिप करायची, की रत्नागिरीत चार माणसांच्या ऑफिसात थोड्या स्टायपेंडवर?

मी म्हणेन रत्नागिरी. फक्त आधी एक बघ, तिथले मुख्य सर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे, म्हणजे आपल्याकडे आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे, नोंदलेले आहेत ना? आपल्याकडे तालुक्याच्या गावी घरांचे नकाशे सिव्हिल इंजिनिअर, ड्राफ्ट्समनही काढतात. त्यांच्याकडे शिकायला भरपूर मिळतं, पण ते तास पुढे अमेरिकेतल्या परवान्याच्या हिशोबात धरले जातील असं गृहीत धरू नकोस.

हा हिशोब एनसीएआरबी ही अमेरिकेतल्या आर्किटेक्ट-परवाना मंडळांची संस्था ठेवते. एएक्सपी नावाच्या तिच्या कार्यक्रमात कामाच्या अनुभवाचे ३,७४० तास भरावे लागतात, सहा विभागांत. त्यात सगळ्यात मोठा विभाग बांधकामासाठीच्या ड्रॉइंग्जचा, १,५२० तास. त्याखालोखाल डिझाइनचा, १,०८०. आणि साइट चालू असतानाच्या कामाचे ३६०. किमान १,८६० तास अमेरिकेतला परवाना असलेल्या आर्किटेक्टच्या हाताखालचे हवेत. उरलेल्यांत भारतातलं काम बसतं, कॉलेजची सक्तीची इंटर्नशिपसुद्धा. बिनपगारी इंटर्नशिप मात्र, काही समाजोपयोगी डिझाइन केंद्रं सोडली तर, धरत नाहीत. म्हणून स्टायपेंड पाच हजार का असेना, बँकेतून घे. आठवड्याला ४० तास धरले तर २६ आठवड्यांत हजारावर तास होतात, ते फुकट घालवायचे कशाला?

तास कामानंतर आठ महिन्यांच्या आत नोंदवलेस तर पूर्ण मिळतात. त्याहून उशीर केलास तर पाच वर्षांपर्यंत निम्मेच. नोंद ऑनलाइन होते आणि सरांनी ती मंजूर करावी लागते. इथेच बहुतेकांचं अडतं. सर साइटवर असतात, ईमेल पंधरा दिवसांतून एकदा उघडतात, आणि इंटर्न निघून गेल्यावर कोणाला आठवण राहते? त्यापेक्षा दर महिन्याच्या शेवटी त्यांच्या शेजारी बसूनच मंजुरी घे.

आता कामाचं. नावाजलेल्या ऑफिसात इंटर्नच्या वाट्याला बऱ्याचदा रेंडर, म्हणजे इमारतीची संगणकावरची चित्रं, आणि मॉडेल येतात. लहान ऑफिसात तोच मुलगा चिऱ्याची भिंत उभी राहताना बघतो. कौलारू छपराच्या वळचणीचा एक छेद, म्हणजे उभं कापून आतलं दाखवणारं ड्रॉइंग, १:१० मध्ये स्वतः काढ: जोतं, जांभ्याची भिंत, तिच्यावरचा लाकडी पाट, वासा, रीप, कौल. छप्पर भिंतीच्या किती पुढे काढलंय ते टेपने मोज. ते अपुरं असलं की पागोळ्या जोत्यावरच पडतात, चिखलाचे शिंतोडे भिंतीवर उडतात, जांभा सच्छिद्र असल्याने पाणी पितो आणि श्रावणापर्यंत भिंतीचा खालचा भाग हिरवा होतो. पश्चिमेची भिंत आणखी वाईट, तिथे वाऱ्याबरोबर पाऊस आडवा येतो. अमेरिकेत घराची भिंत बहुधा लाकडी चौकटीची असते, नि तिथे पाणी बाहेर काढायचं काम फ्लॅशिंग, म्हणजे पत्र्याची पट्टी, करते. पाणी कुठून शिरतं आणि कुठून बाहेर पडतं हे बोटाने दाखवता आलं की मुलाखतीत पुढचे प्रश्न सोपे जातात. पोर्टफोलिओत हा छेद आणि त्याच जागेचा साइटवरचा फोटो शेजारी शेजारी लाव. ऑफिसचं ड्रॉइंग वापरताना लेखी परवानगी घे आणि तुझा वाटा नेमका लिही: 'छपराचे तपशील आणि दरवाजे-खिडक्यांची तपशीलवार यादी', एवढंच. पूर्ण प्रकल्प आपल्या नावावर खपवणारे मुलाखतीतल्या दुसऱ्या प्रश्नालाच पकडले जातात.

इंटर्नशिपच्या दाखल्यावर 'काम समाधानकारक' एवढंच लिहून घेऊ नकोस. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, कामांची यादी, सरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का हवा.

कॉलेज निवडताना एक सापळा आहे. एम.एस. किंवा पोस्ट-प्रोफेशनल एम.आर्क. (आधीच आर्किटेक्चरची पदवी असलेल्यांसाठीची) ही पदवी बहुधा नॅबची, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदव्यांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळाची, मान्यता नसलेली असते. परवान्याचा सरळ रस्ता नॅबमान्य एम.आर्क.चा. आपल्या इथल्या बी.आर्क.च्या जोरावर परवाना काढायचा तर ईईएसए नावाचं, परदेशी पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं, आणि त्यात विषय कमी भरले तर ते पुन्हा शिकावे लागतात. आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या फॉर्मवर, अभ्यासक्रमाचा सीआयपी कोडही (विषयाचा वर्गीकरण क्रमांक) वाच. सध्याच्या नियमांनुसार ओपीटी, म्हणजे पदवीनंतर तिथे काम करायची परवानगी, १२ महिन्यांची, कोड स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या सरकारी यादीत) बसला तर आणखी २४. शिकतानाच्या कामाची परवानगी म्हणजे सीपीटी, ती पूर्णवेळ १२ महिने भरली तर त्या पदवीची ओपीटी हातची जाते, म्हणून उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपचे महिने मोजूनच घे.

सरांचा नोंदणी क्रमांक कौन्सिलच्या संकेतस्थळावर या आठवड्यातच पडताळून बघ. नोंदणीचं नूतनीकरण राहिलेलं असेल तर रुजू होण्याआधीच सांग त्यांना.