शॉवरमध्ये पाणी वाचवणारं यंत्र घरी बनवता येईल का?

येईल, पण आधी नासाडी कुठं होते ते बघा. आमच्या बेळगावात गच्चीवर सोलर असतो. गरम पाणी न्हाणीत येईपर्यंत पाइपातलं गार पाणी मोरीत जातं. पाइपाचा आतला व्यास 20 मिलिमीटर आणि लांबी 10 मीटर असेल, तर ते साधारण 3 लिटर भरतं! शॉवरच्या आधी तीन तोंडांचा व्हॉल्व्ह बसवा. एक वाट शॉवरला, दुसरी बादलीत. साबण लावताना बंद करायला शॉवरच्या मानेजवळ वेगळा कॉक हवा. मात्र तो मिक्सरनंतर येत असेल, तर गरम-गार दोन्ही लाइनींना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) लावा, नाहीतर एका लाइनीचं पाणी दुसरीत शिरतं. धार कमी करायला शॉवरमध्ये बारीक भोकांची चकती? गच्चीच्या टाकीला दाबच कमी, नुसतं ठिबकत बसेल. राकसकोप धरणातून शहराला येणारं पाणी चुकलेल्या दिवशी ती बादलीच कामाला येते.