रयत शिक्षण संस्था हे विद्यापीठ आहे का? नसेल, तर साताऱ्याची माणसं तसं का बोलतात?

नाही, संस्थाच आहे. शाळा, कॉलेजं, वसतिगृहं मिळून सातशेहून जास्त शाखा. २०२१ मध्ये साताऱ्यातली तिचीच तीन कॉलेजं एकत्र येऊन कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं खरं, पण आमच्या बोलण्यातली 'रयत' त्याच्या कितीतरी आधीची. मी छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकलो. माझ्या पदवीवर शिक्का कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा आहे, आणि तेही १९६२ चं. कॉलेज त्याच्याहून मोठं, १९४७ चं!

तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी जरा मागं जावं लागेल. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघालं, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. सुरुवातीला ते शिकवत नव्हतं. परीक्षा घ्यायची, पदव्या द्यायच्या, एवढंच काम. म्हणजे मॅट्रिकपर्यंत पोचलेल्याला दार उघडं. माण-खटावच्या दुष्काळी गावातलं पोर तिथवर पोचणार कसं, हा विद्यापीठाचा प्रश्नच नव्हता.

भाऊराव पाटलांचा तेवढाच प्रश्न होता. एके काळी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेला माणूस, त्यामुळं खेड्यात शाळा असूनही पोरं का शिकत नाहीत हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावात संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला आणली आणि बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत. त्या काळात! १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. खर्च भागेना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रसुद्धा, असं आमच्याकडं सांगतात.

माझे आजोबा त्याच बोर्डिंगातले, खटाव तालुक्यातून आलेले. त्यांना सन-तारखा आठवायच्या नाहीत, पण भाकरी भाजायची पाळी कुणाची, पाणी कुणी आणायचं, पंगतीत शेजारी कोण बसायचं, हे बिनचूक सांगायचे. शेवटपर्यंत जेवलेलं ताट स्वतः घासायचे. आजीला ते आवडायचं नाही, पाहुण्यांपुढं तर मुळीच नाही.

तर क्रम असा उलटा आहे बघा: आधी भाकरी, मग शाळा, मग शिक्षक तयार करायला १९३५ चं ट्रेनिंग कॉलेज, मग पदवीचं कॉलेज, आणि विद्यापीठ अगदी शेवटी, शंभरी उलटल्यावर. म्हणून साताऱ्याचा माणूस 'मी रयतचा' म्हणतो. विद्यापीठाचं नाव विचारलं तर त्याला क्षणभर आठवावं लागतं. (मलाही.)

गंमत म्हणजे बोर्डिंगातली ती कामाची रीत पुढं विद्यापीठांनीच उचलली. पुणे विद्यापीठाच्या 'कमवा व शिका' योजनेला नाव कर्मवीरांचंच आहे.

प्रवेशासाठी विचारत असाल तर एक लक्षात ठेवा. रयतच्या शाखा पुणे, अहिल्यानगर, रायगडकडंही आहेत, त्यामुळं पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळेल ते त्या-त्या कॉलेजाच्या ऑफिसात विचारूनच फॉर्म भरा.