पगचे घोरणे ही निव्वळ सवय नव्हे

आपल्या पग जातीच्या कुत्र्याच्या घोरण्याचे आपल्याला कौतुक वाटते, म्हणून हे आवर्जून लिहितो. माझा पग लहानपणी सोफ्याच्या कडेवर हनुवटी टेकवून, कधी तोंडात खेळणे धरून झोपे. तो लाडिकपणा नव्हता, श्वासाची वाट उघडी ठेवण्याची धडपड होती, आणि हे मला फार उशिरा कळले. अरुंद नाकपुड्या व लांब मऊ टाळू यांमुळे येणारा अडथळा वर्षानुवर्षे तसाच राहिला, तर श्वास ओढण्याच्या ताणाने स्वरयंत्र हळूहळू खचत जाते; त्यामुळे शस्त्रक्रियेची गरज आहे का, हे पशुवैद्यांना लवकर विचारावे. वजन मात्र आजपासूनच आटोक्यात ठेवा, गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस वापरा.

ठाण्याच्या दमट हवेत धापा टाकूनही कुत्र्याचे अंग पुरेसे निवत नाही. म्हणून मे महिन्यात संध्याकाळी तलावपाळीवर नेण्यापेक्षा पहाटे उपवनला थोडेसेच फिरवावे. गाढ झोपेतले श्वास मिनिटभर मोजून वहीत लिहा. ते सातत्याने 30 च्या वर जाऊ लागले, तर तपासणी करून घ्या. जीभ निळसर दिसली, तर मात्र क्षणभरही थांबू नका.